०३० म्हणजे तीस की चोवीस? राउटर आयपी ॲड्रेस नक्की वाचतो कसा

पिंग येत होता (पिंग म्हणजे नेटवर्कवरच्या डब्याला ‘आहेस का’ अशी मारलेली हाक), हाच सगळ्यात मोठा घोळ होता. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे कामाला होतो, नाव नको, आणि एका गावातल्या टॉवरवर आम्ही नवीन स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणारा डबा, बसवला होता. शीटमधे त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, लिहिलेला: १०.२०.०३०.०४५. शीट बनवणारा पोरगा भारी टापटिपीचा, त्याला सगळे आकडे एकाखाली एक सरळ रेषेत हवे होते म्हणून त्याने शेवटचे दोन भाग पुढे शून्य लावून तीन-तीन आकडी केले, पहिले १०.२० सगळीकडे सारखेच म्हणून ते तसेच ठेवले. आम्ही शीटमधनं कॉपी केलं, पिंग मारला, रिप्लाय आला, टॉवरवरच्या माणसाला म्हटलं उतर रे बाबा खाली, झालं काम. तो उतरून चहा प्यायला बसला आणि इकडे गावाचं नेट बंदच.

रात्री कधीतरी एकाचं लक्ष गेलं की पिंगच्या पहिल्याच ओळीत, कंसात, दुसराच ॲड्रेस दिसतोय. १०.२०.२४.३७. म्हणजे इतका वेळ आम्ही भलत्याच डब्याशी बोलत होतो, कुठल्यातरी दुकानातल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर होता तो, आणि बिचारा इमानदारीत प्रत्येक पिंगला उत्तर देत होता. खऱ्या स्विचला लाईटच पोचली नव्हती. आणि अजून गंमत म्हणजे राउटरवरच्या रूटिंगच्या, म्हणजे कुठला ट्रॅफिक कुठे पाठवायचा ते ठरवणाऱ्या, प्रोग्रॅमला आम्ही हाच मजकूर दिला होता, त्याने तो सरळ ३०.४५ असा वाचला होता. एकच ओळ, एकाच ऑफिसात, दोन प्रोग्रॅम, दोन अर्थ.

हे का होतं ते समजायला आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला लागते. आयपी ॲड्रेस म्हणजे ते टिंब-टिंबवालं लिखाण नाही. ॲड्रेस म्हणजे एक आकडा, ३२ बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर), बस. १९२.१६८.१.१ हे आपल्या सोयीसाठी, मशीनच्या पोटात तो ३२३२२३५७७७ असतो. ३२ बिटचे आठ-आठचे चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधे येतो, मधे टिंब द्यायचं. मोबाईल नंबरचं कसं, कुणी पुढे शून्य लावतं, कुणी +९१, कुणी मधे स्पेस देतं, कुणी पाच-पाचचे दोन तुकडे करतं, पण फोन एकालाच लागतो. तसंच. फरक एवढाच की फोनच्या बाबतीत शून्य लावलं म्हणून तिसऱ्याच माणसाला फोन जात नाही.

आता शून्याचं. सी भाषेत आकड्याच्या पुढे शून्य असेल तर तो आकडा आठच्या हिशोबात धरतात. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो, तिथे आठ-आठचे बांधायचे. ०३० म्हणजे आठाचे तीन गठ्ठे, चोवीस. ०४५ म्हणजे चार गठ्ठे आणि वर पाच, सदतीस. आणि पुढे शून्य-एक्स लावलं तर सोळाच्या हिशोबात, जे खरंतर आपल्याला परकं वाटायला नको, १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता. तर बीएसडी युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधे मजकुराचा ॲड्रेस करणारं एक फंक्शन होतं, आयनेट-एटॉन, त्याने सी भाषेची ही सवय जशीच्या तशी उचलली. वर अजून एक सोय, चारही भाग लिहायची गरज नाही. १२७.१ लिहिलं तरी तो १२७.०.०.१ समजतो. नुसतं २१३०७०६४३३ लिहिलं तरी तेच. ०१७७.०.०.१ लिहिलं तरी तेच. खोटं वाटत असेल तर लिनक्सवर पिंग १२७.१ मारून बघा (इंग्रजी आकड्यात मारा, का ते पुढे येतंय).

यात कुणाची चूक म्हणायची? १९८१ च्या आरएफसी ७९१ मधे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) ॲड्रेस ३२ बिटचा असतो हे आहे, पण माणसाने तो लिहायचा कसा याचे काटेकोर नियम त्यात नव्हते. मग बीएसडीने जे केलं तेच बाकीच्यांनी उचललं. नंतर आयनेट-पीटॉन नावाचं फंक्शन आलं, ते कडक: चार भाग, दशमान, बास, बाकी काही दिसलं की चालता हो. पण जुनं गेलं नाही, आजपण दोन्ही शेजारी शेजारी नांदतायत, आणि कुठला प्रोग्रॅम आत कुणाला बोलावतो हे बाहेरून कळत नाही. त्यातून ०३८ असं काही लिहिलं तर अजून मजा, आठच्या हिशोबात ८ हा अंकच नसतो, त्यामुळे पिंग म्हणतो हा ॲड्रेस नाही, हे कुठल्यातरी वेबसाईटचं नाव असेल, आणि डीएनएसमधे, म्हणजे नावावरून ॲड्रेस सांगणाऱ्या यादीत, शोधायला जातो. आमच्या शीटमधे अशा ओळीपण होत्या, त्यांना एरर यायची, आणि आम्ही समजायचो की ते डबे बंद आहेत.

हे फक्त आमच्यासारख्या टॉवरवाल्यांचं दुखणं नव्हतं बरं का. २०२१ मधे एकापाठोपाठ एक बॉम्ब फुटले. मार्चमधे जावास्क्रिप्टचं नेटमास्क नावाचं पॅकेज सापडलं, ते पुढचं शून्य गपचूप खाऊन टाकायचं. मग पायथॉन भाषेची आयपीॲड्रेस लायब्ररी, गो आणि रस्ट या भाषा, सगळ्यांत हाच प्रकार. आता तुम्ही म्हणाल शून्य खाल्लं तर बिघडलं काय. बिघडतं ते दोन प्रोग्रॅमचं एकमत नसल्यामुळे. समजा दारावरचा वॉचमन ०१२७.०.०.१ ला १२७ समजला, म्हणाला हा तर घरचाच आहे, आणि आतला माणूस त्याला आठच्या हिशोबात ८७ समजला आणि बाहेर भलतीकडेच गेला. किंवा उलटं, वॉचमन १२७ ने सुरू होणारं काही आत सोडत नाही, पण कुणी २१३०७०६४३३ लिहून आणलं तर त्याच्या यादीत ते नाहीच, जा आत. पायथॉनने ३.९.५ पासून आणि गोने १.१७ पासून सरळ ठरवलं की पुढे शून्य दिसलं की ॲड्रेसच नाकारायचा. मला हेच पटतं. अर्थ दोन निघत असतील तर अंदाज कशाला बांधायचा, विचारा की परत.

आता रूटिंगच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. मोठमोठ्या इंटरनेट एक्स्चेंजवर (जिथे इंटरनेटवाल्या कंपन्या एकमेकांना जोडतात) बर्ड नावाचा प्रोग्रॅम चालतो, प्रागच्या चार्ल्स युनिव्हर्सिटीत पोरांचं प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला, आता झेक देशातली सीझेड-निक संस्था सांभाळते. दुसरा एफआरआर, जो झेब्रा, मग क्वाग्गा अशा खानदानातून २०१७ मधे बाहेर आला. बर्डने ॲड्रेस वाचायला स्वतःचं फंक्शन लिहिलंय, ते दशमानच वाचतं, २५५ च्या वर गेलं की नाही म्हणतं, चार भाग नसतील तर नाही म्हणतं. त्यामुळे आमच्यासारखा किस्सा होऊ शकतो, बर्ड बरोबर आणि पिंग दुसरीकडेच.

पण राउटरला नुसता ॲड्रेस क्वचितच लागतो. त्याला लागतो प्रीफिक्स, म्हणजे ॲड्रेस आणि पुढे तिरकी रेघ देऊन आकडा, १०.२०.३०.०/२४. हे समजायला पिनकोड घ्या. ४११ म्हटलं की पुणे, ४१६ म्हटलं की कोल्हापूर-सांगली बाजू, ४०३ म्हटलं की गोवा. टपाल छाटणाऱ्याला पहिले तीन आकडे बघून पोतं ठरवता येतं, पुढचे तीन त्या गावाने बघावेत. /२४ म्हणजे पहिले २४ बिट बघ, बाकीचे ८ त्या गावाचे. आणि दोन पाट्या, म्हणजे दोन रूट, लागू होत असतील तर जास्त नेमकी पाटी जिंकते, /२२ आणि /२४ दोन्ही जुळले तर /२४.

मग कुणीतरी लिहितो १०.२०.३०.४५/२४. पिनकोडच्या भाषेत, ‘पहिले तीन आकडे बघा’ म्हणायचं आणि लिहायचं मात्र ४११०३८. अरे बाबा, तुला सगळं पुणे म्हणायचंय की फक्त कोथरूड? इथे प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वभाव वेगळा. बर्ड अडवतो, पण प्रेमाने, म्हणतो हा प्रीफिक्स चुकीचा आहे, तुम्हाला कदाचित १०.२०.३०.०/२४ म्हणायचं असेल. लिनक्सला रूट टाकताना असं दिलं तर तोपण एरर देतो, पण बरोबर काय असेल ते सांगत नाही, शोधा तुम्ही. सिस्को कंपनीचा राउटर म्हणतो ॲड्रेस आणि मास्क (पहिले किती बिट बघायचे ते सांगणारा आकडा) जुळत नाहीत. आणि काही प्रोग्रॅम काही न बोलता मागचे बिट शून्य करून पुढे जातात, ते मला सगळ्यात धोकादायक वाटतात, कारण टाइप करताना /२८ च्या जागी /२४ झालं असेल तर सोळा ॲड्रेसऐवजी दोनशे छप्पन्न उचलले जातात आणि कुणी हूं की चूं करत नाही.

बरं, हाच मजकूर इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या वायर लावायच्या तोंडाला, देताना मात्र एकदम बरोबर असतो! तिथे १०.२०.३०.४५/२४ म्हणजे माझं घर ४५ नंबर आणि माझी गल्ली /२४. त्यामुळे ‘हे बरोबर आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कुठे लिहिलंय त्यावर आहे. नवीन पोरं एकच तपासणीचं फंक्शन लिहून दोन्हीकडे वापरतात आणि मग एकीकडे बरोबर गोष्ट नाकारली जाते नाहीतर दुसरीकडे चुकीची आत जाते.

एक छोटा किडा सांगतो, मला फार आवडतो. /२४ वरून मास्क बनवायचा तर सगळे बिट १ करून ३२ वजा २४, म्हणजे ८ घरं डावीकडे सरकवायचे. सोपं. /० आलं की? म्हणजे डिफॉल्ट रूट, ‘बाकी सगळं इकडे’ वाली पाटी. ३२ घरं सरकवायचे. आता सी भाषेत ३२ बिटचा आकडा ३२ घरं सरकवला तर काय होईल याची हमी भाषाच देत नाही, आणि इंटेलच्या जातीचे प्रोसेसर ३२ ला ० समजतात, म्हणजे काहीच सरकत नाही. मास्क सगळा शून्य यायला हवा तिथे सगळा एक येतो, /० चा /३२ होतो. अख्ख्या जगाची पाटी लावायला गेलात आणि ती एका घरावर लागली. बर्डच्या कोडमधे मास्क बनवणाऱ्या फंक्शनमधे म्हणूनच शून्यासाठी वेगळी वाट ठेवलीय, एका ओळीचं फंक्शन आहे, पण ती वाट नसेल तर रात्र जाते.

आणि हे सगळं पास झालं तरी ॲड्रेस ‘लिहायला बरोबर’ एवढंच कळतं. १२७.०.०.१ लिहायला अगदी बरोबर आहे, पण बाहेरून आलेल्या रूटमधे तो दिसला तर काहीतरी गडबड आहे, कारण तो प्रत्येक मशीनचा स्वतःचा ॲड्रेस. तसंच २२४ पासून पुढचे मल्टिकास्टचे (एकदम अनेकांना पाठवायचे), २४० पासूनचे राखीव. असल्या पाहुण्यांना नेटवर्कवाले मार्शियन म्हणतात, मंगळावरचे, लिनक्सच्या लॉगमधेपण याच नावाने ओळ येते. बर्डमधे ॲड्रेस बघून त्याची जात ठरवणारं फंक्शन आहे, हा लोकल, हा प्रायव्हेट, हा मल्टिकास्ट, हा चालणारच नाही. यात लोक नेहमी चुकतात ते १७२ वर. प्रायव्हेट आहेत ते १७२.१६ ते १७२.३१ एवढेच, पण फिल्टर लिहिताना १७२ ने सुरू होणारं सगळंच उडवतात, आणि मग एखादी वेबसाईट उघडत नाही आणि कारण सापडत नाही.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे ॲड्रेस तुझा आहे का. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूबची पाटी होती २०८.६५.१५२.०/२२. त्यांनी आतल्या आत २०८.६५.१५३.०/२४ अशी पाटी लावली, लिखाण एकदम शुद्ध, मागचे बिट शून्य, सगळं नियमात. पण ती बाहेर गळली, त्यांच्या वरच्या कंपनीने अडवली नाही, आणि जास्त नेमकी पाटी जिंकते या नियमाने जगभरचा यूट्यूबचा ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळला. साधारण दोन तास. यूट्यूबवाल्यांनी मग स्वतः /२४ लावली, तेवढ्याने भागेना म्हणून /२५ च्या दोन. व्याकरण तपासणारा कोड इथे काहीच करू शकत नाही, त्यासाठी पुढे आरपीकेआय आलं, कुठला प्रीफिक्स कुणी आणि किती नेमका लावायचा त्याचा सहीशिक्क्याचा दाखला, पण तो वेगळाच विषय आहे.

आयपीव्ही६, म्हणजे ॲड्रेसची नवी लांब पद्धत, तिच्यात वाचण्यापेक्षा लिहिण्याची जास्त पंचाईत. १२८ बिट, सोळाच्या हिशोबात, चार-चार अंकांचे आठ गट, मधे दोन टिंबं. एवढं लांबलचक कोण लिहिणार म्हणून सवलत दिली: गटाच्या पुढची शून्यं गाळा, आणि सलग शून्यांचे गट असतील तर ते सगळे काढून :: लिहा. :: एकदाच, कारण दोनदा लिहिलं तर कुठल्या खड्ड्यात किती शून्यं हे कळणार कसं. पण या सवलतीने एकाच ॲड्रेसची ढीगभर रूपं झाली. २००१:डीबी८:०:०:१:०:०:१ हा घ्या. पहिली शून्यं दाबा, दुसरी दाबा, दाबूच नका, ०डीबी८ लिहा, एबीसीडी मोठ्या लिपीत लिहा नाहीतर छोट्या, सगळं कायदेशीर. मग रात्री दोन वाजता लॉगमधे ॲड्रेस शोधायला जावं तर सापडत नाही, कारण तुम्ही एका रूपात शोधताय आणि लॉगने दुसऱ्या रूपात लिहिलाय. २०१० मधे आरएफसी ५९५२ आली आणि तिने सांगितलं, वाचताना सगळी रूपं घ्या, पण लिहिताना एकच: छोटी लिपी, पुढची शून्यं नकोत, सगळ्यात लांब शून्यांची रांग दाबा, दोन रांगा सारख्या लांब असतील तर डावीकडची, आणि एकट्या शून्याच्या गटासाठी :: वापरू नका. म्हणजे वरच्या ॲड्रेसचं अधिकृत रूप २००१:डीबी८::१:०:०:१.

त्यातून लिंक-लोकल, म्हणजे एकाच वायरपुरते चालणारे, ॲड्रेस आले की अजून शेपूट. एफई८०::१ हा ॲड्रेस तुमच्या राउटरच्या प्रत्येक वायरवर वेगवेगळ्या कुणाचातरी असू शकतो, म्हणून पुढे टक्क्याचं चिन्ह देऊन इंटरफेसचं नाव लिहावं लागतं, एफई८०::१%इथ०. प्रत्येक गल्लीत एक गणपती मंदिर असतं, नुसतं गणपती मंदिर सांगून रिक्षावाला नेणार कुठे. आयनेट-पीटॉनला हे शेपूट समजत नाही, ते आधी कापून वेगळं ठेवायला लागतं.

लिहिण्याच्या बाजूचे दोन जुने खड्डे. एक, जागा. आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या ३२ बिटवाल्याचा, मजकूर जास्तीत जास्त १५ अक्षरं, मजकूर संपला हे सांगणाऱ्या शेवटच्या खुणेसह १६. आयपीव्ही६ चा ३९ वाटतो, पण शेवटचे दोन गट जुन्या टिंबांच्या पद्धतीने लिहायलाही परवानगी आहे, मग ४५ होतो, खुणेसह ४६. म्हणून सिस्टीमच्या फाईलमधे ४६ हा विचित्र आकडा दिसतो. ज्यांनी ४० मोजून जागा ठेवली त्यांचा मजकूर शेजारच्याच्या अंगणात सांडतो.

दुसरा खड्डा मी स्वतः पडलेलो. आयनेट-एनटोआ नावाचं जुनं फंक्शन आकड्याचा मजकूर करून देतं, पण प्रत्येक वेळी एकाच पाटीवर लिहून देतं. मी लॉगच्या एकाच ओळीत त्याला दोनदा बोलावलं, एकदा पाठवणाऱ्याचा ॲड्रेस, एकदा घेणाऱ्याचा. दुसऱ्यांदा लिहिताना त्याने पहिलं पुसलं, आणि लॉगमधे दोन्हीकडे एकच ॲड्रेस. अर्धा दिवस मी नेटवर्कमधे लूप शोधत होतो. बर्डवाल्यांनी ही कटकटच नको म्हणून स्वतःच्या छपाईच्या फंक्शनमधे ॲड्रेससाठी वेगळी खूण घातलीय, टक्का आणि आय, आकडा तसाच द्या, मजकूर ते करून घेतं.

आणि आता ते इंग्रजी आकड्यांचं. मी इथे सगळे ॲड्रेस देवनागरीत लिहिलेत, ते कॉपी करून राउटरमधे टाकू नका. पण पायथॉनमधे टाकून बघा! पायथॉनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ‘१९२’ असा देवनागरी मजकूर दिला तर तो मुकाट १९२ हा आकडा देतो, त्याच्या लेखी आपले आकडे पण आकडेच, हे अंक आहेत का विचारलं तरी हो म्हणतो. ऐकायला किती छान वाटतं, पण घरी बनवलेल्या तपासणीत नुसतं ‘सगळे अंक आहेत ना’ एवढंच विचारलं तर देवनागरी ॲड्रेस पास होतो, फाईलमधे तसाच लिहिला जातो, आणि पुढचा सी मधला प्रोग्रॅम त्याला बघून तोंड फिरवतो. पायथॉनच्या आयपीॲड्रेस लायब्ररीत म्हणूनच आधी साधे इंग्रजी अंक आहेत का ते तपासतात, मग पुढचं.

आमच्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘पण दादा, शून्य काढली की शीट नीट सॉर्ट होत नाही, .१० आधी येतं आणि .२ नंतर.’ खरं होतं त्याचं, मजकूर म्हणून लावलं की असंच होणार. मग शेजारी एक कॉलम वाढवला, त्यात तोच ॲड्रेस अखंड आकडा म्हणून, सॉर्ट त्याच्यावर. तो कॉलम त्याने लपवून ठेवला, दिसायला घाण दिसतो म्हणून.